स्वल्पविराम

उद्यमबागेत आमच्या शेडचा पत्रा
दुपारी दोनला टकटक वाजतो, तापून.
मी पिन घेते, व्हर्नियरच्या जबड्यात धरते.
अठरा पॉइंट शून्य दोन. पास.
मग पंच, वर हातोडी, एक ठोका.
पंचाचं टोक मागच्या दिवाळीत मोडलं,
तेव्हापासून टिंब गोल उमटत नाही,
शेपूट येतं त्याला.
मालकांना म्हटलं, नवा आणा.
"चालतंय की. मिलिटरीचा माल, कोण वाचतंय?"

चाळीस हजार पिना.
ट्रकचा मागचा फळका अडकवायच्या.
एकीला एकतीस रुपये पन्नास पैसे,
त्यात लोखंड आलं, वीज आली,
केदारी टर्नरचा डावा डोळा आला,
माझा ठोका आला.

इथून माल हुबळीला, एका नावावर.
हुबळीहून पुण्याला, दुसऱ्या नावावर.
पुण्यात म्हणे ट्रक उतरलाच नाही, नुसता कागद बदलला.
दिल्लीत खोकी मिळाली, आत थर्माकोल,
थर्माकोलात पांढरी पुडी,
पुडीवर लिहिलेलं: खाऊ नये.
आणि मग परत बेळगावलाच.
आमच्या शेडपासून कॅम्पातलं स्टोअर
तिसऱ्या गेटानं सायकलवर पंचवीस मिनिटं.
पिनेला सात महिने लागले.

भरमाण्णा तिथं हमाल आहे. मच्छेत आमच्या शेजारीच घर.
रात्री कुंपणावरनं म्हणाला,
"वैनी, तुमचं अक्षर बघितलं आज."
लेबलवरची किंमत त्यानं तळहातावर लिहून आणलेली.
तिथंही एक स्वल्पविराम होता:
1,240
मी म्हटलं, चुकून पडलं असेल.
"चूक एकदा होते वैनी. खोकी चारशे हाईत.
आणि ज्या गाड्यांच्या ह्या पिना,
त्या गाड्या शिमग्याआधीच लिलावात गेल्या की."

साहेब माणूस बरा. त्यानं लिहिलं, गरज नाही.
कागद वर गेला, पावसाळाभर वरच राहिला.
उत्तर आलं: मागणी आपलीच होती,
आपल्या आधीच्या साहेबांची.
निधी मार्चअखेर खर्ची टाकावा.

आमच्या गावच्या पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
यावरनं इथं डोकी फुटलीत.
त्या खोक्यांवर मराठी नव्हती, कन्नडही नव्हती.
कुणी मोर्चा काढला नाही.

माझ्या पगारातनं कर कापत नाहीत,
कापण्याएवढा पगारच नाही.
खरं साबण घेते, पोरीला वही घेते,
चपलेचा अंगठा तुटला की चप्पल घेते,
पावतीच्या तळाला दोन बारीक ओळी असतात.
हल्ली त्या वाचते.

केसाएवढी फट मी सोडत नाही.
पिन रिजेक्ट केली की मालक ओरडतात,
केदारी दिवसभर बोलत नाही.
आणि ही फट,
बाराशे आठ रुपये पन्नास पैशांची,
हिच्यात कुणाचा बंगला बसला असेल, कुणाचं लग्न,
माझा व्हर्नियर तेवढा उघडत नाही.

यंदा पिनांचाच लिलाव झाला. किलोला छत्तीस.
थर्माकोल कॅम्पातल्या पोरांनी नेलं,
गणपतीच्या मखराला.
सौदागराचा ट्रक आला तो आमच्याच गल्लीत,
शेजारच्या फाउंड्रीच्या दारात ओतला.
पिना ग्रीसमध्ये तशाच,
एकाही फळक्याला न भेटलेल्या.
जेवणाच्या सुट्टीत एक उचलून आणली,
पदरानं पुसली, सवयीनं धरली.
अठरा पॉइंट शून्य दोन. पास.
पंच टेकवायला गेले
तर तिथं आधीच उमटलेलं, शेपटासकट.

"काय बघालीस गं?" मालक आतनं.
हातात नवं ड्रॉइंग,
तीच पिन,
साठ हजार,