कपाट

मनामा. स्टाफ क्वार्टर, पहाटेचे साडेतीन.
अँप हॉटेलातच कुलपात.
बेसचं डोकं लोखंडी कपाटाला टेकवतो,
सगळ्यात जाड तार छेडतो :
आत हँगर कुणकुणतात,
एकुलता काळा कोट शहारतो.

एसीनं गिटारची मान वाकली होती,
पान्यानं सरळ केली.
माझ्या मानेला पाना नाही.

गुरुवारी पुलावरून गर्दी येते,
गाणारीच्या नावानं ओरडते.
पोस्टरवर माझा अर्धा खांदा.
चालायचंच.
आज दुसऱ्या सेटमध्ये
मुद्दाम समच गाळली –
नाचणारे पाय अधांतरी,
ड्रमवर रेनातोनं डोळे वटारले.

पुढचा करार मस्कत, की घरी वसईला?
एजंट फोन उचलत नाही.

कपाटामागे भिंत, भिंतीमागे
दाभोळचे मुकादमचाचा, आचारी.
काल चहा ओतताना म्हणाले,
‘मध्येच थांबू नको रे,
जाग येते.’