नमुना क्रमांक चौदा

कासच्या सड्यावर, गुडघे चिखलात,
मी भिंगातून पाहते:
मूळ असं नाहीच. मातीत धाग्यांना
मोहरीहून बारीक फुगे,
प्रत्येकाला आत उघडणारं दार.
दारावरच्या केसाला धक्का लागला
की पाण्यासकट पाहुणा आत.

वहीत लिहिते: कुळ, प्रजाती.
जातीपुढे प्रश्नचिन्ह,
बी पिकल्याशिवाय ठरायचं नाही.
लॅटिन नावाचा अर्थ छोटी पखाल.

राखणीवरच्या द्वारकाबाई कीर्दत
छत्री टेकून उभ्या. "काय घावलं?"
"किडे खाणारी वनस्पती."
"ही? सीतेची आसवं हायती ही."

मग वाकून बराच वेळ
भिंगात डोळा.
"पोटाला लागतंच की.
रडणाऱ्याला बी."

त्यांच्या नाकाला चिखल लागलाय.
मी स्थानिक नावाचा रकाना भरते.
प्रश्नचिन्ह तसंच.