मानस

बांबोळी. गुरुवार. एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि एक पंखा, जो माझ्याकडे वळेपर्यंत दमतो.

आगरवाड्याहून शेवंतीबाय मीठगावडे,
वय त्रेचाळीस, चार महिन्यांत आठ किलो उतरलेली.
सकाळी पेज, दुपारी पेज, मध्ये उलटी.
"दोतोर, पांय उचलना."
मी लिहिलं: थकवा.
मी लिहिलं: वर्ण काळा, मिठागरात काम, ऊन.
टीएसएच आठच्या जरा वर निघालं
आणि मला इतका आनंद झाला,
जसं गळाला ओढ लागताच पोरगं ओरडतं
मासा न बघताच.
थायरॉक्सिन, पन्नास, उपाशीपोटी.
खाली सही. सहीखाली रेघसुद्धा.

कुलासो मॅडम आल्या, चष्मा केसांत खोचलेला.
कागद घेतला नाही, हात मागितला.
तळहात उताणा केला:
आयुष्यरेषा, भाग्यरेषा, सगळ्या शाईने गिरवल्यासारख्या.
मग खालचा ओठ ओढला. हिरडीवर
जांभळं खाल्ल्यासारखा डाग, डिसेंबरात.
"ऊन तोंडात शिरलं होतं का रे?"
हे मला.
"रक्तदाब निजवून घेतलास. उभं करून?"

उभं केलं. शंभरावरून बहात्तर.
तिने टेबलाची कड धरली
आणि ओशाळली, जणू पडली असती तर चूक तिचीच.

"विचार तिला, काय खावंसं वाटतं."
रांगेतल्या बायकांना ऐकू जाऊ नये
अशा आवाजात ती म्हणाली, "मीठ."
जन्मभर लाकडी फळीने मीठ ओढणारी बाई
रात्री उठून बरणी चाटते,
हे सांगायचं कुणाला?
सुनेने बरणी कपाटात कुलपात ठेवली होती.

मॅडमनी माझी गोळी खोडली. आवाज चढवला नाही,
त्यामुळे जास्त लागलं.
"ॲड्रिनल आधी. थायरॉइड मागून.
ही गोळी घेऊन ती परवा शुद्ध हरपून आली असती.
बांध फुटलाय, आणि तू मानस उघडायला निघालास.
कॉर्टिसॉलला रक्त काढ, आणि थांबू नकोस,
रिपोर्ट येईल तेव्हा येईल. हायड्रोकॉर्टिसोन, शंभर, शिरेतून."

आणि सलाइन. वेगाने.
बाटलीकडे बघत तिने विचारलं, यात काय?
मिठाचं पाणी, मी म्हटलं.
"हें मीठ खंयचें?"
मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आकडे आले:
सोडियम एकशे एकवीस, पोटॅशियम सहाला टेकलेलं,
कॉर्टिसॉल दोन.
दोन्ही ग्रंथी स्कॅनमध्ये चुन्याचे खडे झालेल्या;
अठरा वर्षांपूर्वीचा क्षय, दोन महिन्यांत सोडलेल्या गोळ्या,
बरं वाटलं म्हणून.

तिला समजावताना माझी वाक्यं लंगडी पडली.
मूत्रपिंड, म्हटलं, मीठ धरून ठेवत नाही,
धर म्हणून सांगणारंच कुणी उरलं नाही.
ती चटकन म्हणाली, म्हणजे मानशीची फळी कुजली,
ओहोटीला आगर रिकामं.
हो, म्हटलं. तेच.
चार वर्षांच्या पुस्तकांत मला हे सापडलं नव्हतं.

घरी जाताना तीन गोष्टी तिच्याकडून तीनदा वदवून घेतल्या:
गोळी जन्मभर, एक दिवसही चुकायची नाही.
ताप आला तर दुप्पट.
उलटीत गोळी टिकली नाही तर सुई, आणि थेट इथे.
कार्ड तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलं
आणि विड्याच्या पानांच्या पिशवीत ठेवलं.
सुनेला मी एवढंच म्हटलं, बरणीचं कुलूप काढा.

मार्चमध्ये ती आली. टीएसएच आपसूक चारवर.
वजन पाच किलो परत. हिरडी अजून जांभळी, थोडी.
पदरातून पुडी काढली, जाडं, करड्या खड्यांचं मीठ,
"पयलें काडप," म्हणाली, या हंगामातलं पहिलं.

पुडी खोलीत खिडकीपाशी आहे.
जूनपासून तिला पाणी सुटलंय.
कोण उन्हातून आलं, दमलेलं, काळवंडलेलं,
की मी आता पेन खाली ठेवतो.
हात उताणा करा, म्हणतो. जरा उभ्या राहा.
कधी काही सापडत नाही.