ळ

शाहूपुरीत गुळाची वखार भाड्यानं घेतली,
तीच शाळा. भिंती चिकट,
हजेरीला आमच्याआधी मुंग्या.

आम्ही सात पोरी.
सिस्टर वाल्बुर्गा म्हणायची, "गूल, गूल,"
आणि आम्ही पाटीआड हसायचो.
मग कासाराची हौसा उठली,
जीभ टाळूला कशी उलटी लावायची
ते आ करून दाखवलं तिनं.
सिस्टर झगा आवरून पोत्यावर बसली,
आमच्याच रांगेत,
घाम पुसत: ळ, ळ, ळ.

थोरला तालमीतनं येताना खिडकीशी थांबला.
"कोण कुणाला शिकवतंय गं हितं?"

बेंदरापर्यंत जमलं तिला.
पण रजिस्टर आधीच शाईनं लिहून झालेलं.
दाखल्यावर मी अजून कमल.
नात म्हणते, अर्ज करू, दुरुस्त होतंय.

राहू दे.