आलोच

सक्करदऱ्याच्या चौकात, रसवंतीच्या वरच्या माळ्यावर
रात्री साडेआठले माझा इंग्रजीचा क्लास.
वय बावन्न. नखांत कूलरच्या पंपाचं ग्रीस.
बाकावर बाजूले बारावी नापास पोट्टे,
अन् निखाडे मॅडम, माझ्या पोरीहून लहान.

काहून शिकतो म्हणता?
बेसा, मनीषनगर, तिकडल्या फ्लॅटातून
मे महिन्यात फोन येते, व्हेअर आर यू?
मी वीस वर्षं एकच उत्तर दिलं :
आलोच.

मॅडमनं फळ्यावर तीन रकाने पाडले.
मी विचारलं, आलोच कोणत्या रकान्यात?
दिसते तर भूतकाळ,
अन् माणूस अजून महालात
दुसऱ्याच्याच कूलरले वाळ्याची ताटी बांधून राहिला.
पोट्टे हसले. मॅडम खडू धरून उभी.
मग म्हणे, काका, आय ॲम ऑन माय वे म्हणा.
म्हटलं, अन् निघालोच नसलो तर?

कंटिन्युअस मले पटकन जमला.
पुस्तक म्हणते, येत आहे.
आमची जीभ पहिलेपासूनच म्हणते, येऊन राहिलो.
येऊन राहिलो, जेवून राहिलो,
उन्हानं मरून राहिलो, पण मरत नाही.

परवा पास्ट परफेक्ट आला.
दोन गोष्टी घडल्या, तर जे आधी घडलं त्याले हॅड.
डॉक्टर येण्याआधी पेशंट मेला होता.
हेच उदाहरण. आता म्हणे स्वतःचं लिहून आणा.

मी लिहिलं, शी आस्क्ड फॉर वॉटर
बिफोर आय हॅड केम.

मेडिकलचा सतरा नंबर वॉर्ड, दोन उन्हाळ्यांमागे.
वनमालाले फोनवर म्हटलं होतं, आलोच,
अन् जाता जाता एक मोटर खोलली.
दोनशे रुपयांची.

मॅडमनं लाल पेनानं हॅड खोडला,
पाण्याच्या बाजूले नेऊन ठेवला.
म्हणाली, काका, हॅड मागणाऱ्याले लागते.
मागून येणाऱ्याले साधा भूतकाळ.
तिले काय माहीत.
मी वही मिटली. पोट्टे जिना उतरून गेले.

खाली रसाच्या चरकाची घुंगरं वाजून राहिली होती,
तेवढ्यात खिशात फोन. बेसा.
व्हेअर आर यू?

आय हॅव नॉट स्टार्टेड येट, म्हटलं.

तिकडून जरा वेळ कोणी बोललंच नाही.
मग बाई म्हणाली, ओके. कम टुमॉरो.
मी चप्पल शोधाले लागलो.