समजा

माटुंग्याला, सर्कलच्या कठड्याशी,
वेलायुधननं तीन पुस्तकं बाजूला काढून ठेवलीत माझ्यासाठी,
प्लास्टिकखालून, फडक्यानं पुसून.
"तीनो सेम है, टीचर."
त्याला मराठी वाचता येत नाही,
तो जाडीवरून किंमत सांगतो.

सेमच आहेत तशी. एकाच गणिताची तीन भाषांतरं.
मूळ रशियन, म्हणे. मी पाहिलेलं नाही,
पाहिलं असतं तरी चिन्हांपलीकडे काही कळलं नसतं,
आणि चिन्हं तर तिघांत तीच:
तोच उलटा ए, तोच आडवा झोपलेला आठ.
भांडण आहे ते चिन्हांच्या मधल्या जागेत.

पहिलं कापडी बांधणीचं.
त्यात बिंदूला सामीप्य असतं, फलाला सांतत्य,
आणि सिद्धता संपली की "इति सिद्धम्",
जणू कुणी सोवळं सोडून खुंटीला लावलं.
छपाईची एक चूक नाही. शोधली मी, उभ्याउभ्या.

तिसरं (दुसऱ्याकडे मग येते) नवं, गुळगुळीत.
"लेट एफ हे कंटिन्युअस फंक्शन असेल."
पुढे डिप्लोमाला हेच शब्द भेटणार मुलांना,
हे खरं आहे,
खरं आहे म्हणून तर दोनदा खाली ठेवून परत उचललं.
पण माझे अकराही जण आठच्या तासाला सव्वाआठला येतात,
काळाचौकीचे दोन जिने चढून, धापा टाकत.
त्यांना फळ्यावरूनही लेट म्हणायचं?

दुसरं पिवळं. पिना गंजलेल्या.
त्यात बिंदूला शेजार आहे.
पान एकशेबारावर उणे चिन्ह गळलंय,
ते कुणीतरी निळ्या शाईनं परत बसवलंय
आणि समासात लिहिलंय: दोन रात्री गेल्या.

गेल्या महिन्यात सीमा शिकवत होते.
"कितीही लहान धन संख्या घ्या," म्हटलं,
तर मुनाफ, लेथवरून थेट आलेला,
नखांत तेल तसंच, म्हणाला,
"बाई, पार्टी ड्रॉइंगवर लिहून देते, फरक इतक्याच्या आत पाहिजे.
आपण आत काढून देतो.
मग ती अजून कमी लिहिते.
आपण परत काढतो."
मग जरा थांबून, "पार्टी थकायला पाहिजे, आपण नाही."
पंधरा वर्षं शिकवतेय.
सामीप्य हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडात आलाच नाही.

आता तिन्हींतलं एकच प्रमेय उघडून
कठड्यावर ओळीनं मांडते. वेलायुधन चहा सांगतो,
म्हणजे त्यानं ओळखलंय, वेळ लागणार.

पहिल्यात: गृहीत धरा.
दुसऱ्यात: समजा.

गृहीत धरा हेच अचूक, मला ठाऊक आहे.
जे सिद्ध केलं नाही ते हातात नुसतं धरायचं,
आपलं मानायचं नाही.
समजा ढिलं आहे. ते मानायलाही सांगतं आणि कळून घ्यायलाही,
आणि यातलं कुठलं आधी, ते सांगत नाही.
पण रेणुका सकटला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत
सुपरवायझर रोज गृहीत धरतो,
शनिवारची डबल पाळी गृहीत धरतो,
तिनं रात्री येऊन तेच क्रियापद वहीत उतरवायचं
माझ्या अक्षरात?

हे गणित नव्हे, कबूल.
पुस्तक असं निवडत नाहीत.

"पीलावाला? उसका एकही कॉपी है, टीचर."
चाळीस रुपये. पिनांमुळे पाच कमी.

अकरा झेरॉक्स काढाव्या लागतील.
झेरॉक्समध्ये निळी शाई काळी येईल,
उणे चिन्ह छापलेलंच वाटेल, बरंच आहे.
समास झाकून काढू का, दुकानातला पोरगा विचारेल.
नको.
त्या दोन रात्रीही येऊ देत.