सुरुवातीचे तीन स्वर

आमच्या रेडिओला तापायला वेळ लागे.
बाबा खटका फिरवून अंगणात दात घासायला जात.
हिरवा डोळा उघडेपर्यंत
आल्तिन्यावरच्या केंद्राची धून
निसटलेली असे,
बांगड्याची नुसती शेपटी हाती यावी तशी.

मला वाटे, ती आहेच तेवढी.

मग एका डिसेंबरात केंद्र गप्प झालं.
पुन्हा बोललं ते दुसऱ्या धुनेवर,
आणि जुन्या तबकडीचं काय झालं
हे विचारायची ती वेळ नव्हती.

खूप वर्षांनी, रायबंदरहून सुटलेल्या फेरीत
इनास मेस्त भेटले. मांडीवर व्हायोलिनची पेटी,
पेटीवर उंड्यांची पिशवी.
मी ती धून गुणगुणलो.
इंजिनाच्या धडधडीत त्यांनी कान पुढे केला.
"सुरवात खंय?"

आणि शीळ घातली. तीन स्वर,
चढते, तिसरा किंचित लांबवलेला.
इतकी वर्षं मी ज्याला
नुसतं तापणं समजत होतो.

"तितलेंच बसनाशिल्लें," मेस्त म्हणाले.
पंखा बंद करून, घामाघूम,
अकरा वेळा वाजवलं होतं त्यांनी.

दिवाडीचा धक्का आला.
लोकांनी स्कुटरी चालू केल्या.